नव्या त्वचेचे नऊ दिवस

चेहऱ्याच्या निगेविषयी या सदराकडे येणाऱ्या पत्रांतील प्रश्न पूर्वी ठरलेले असत. उटण्यात काय घालावे, मुरुमांवर जायफळ उगाळावे की चंदन, वांग जाण्यास कोणता लेप बरा. अलीकडे पत्रांचा सूर पालटला आहे. ‘केमिकल पील करून आले, चौथ्या दिवसापासून तोंडावरची साल निघते आहे, काय लावू?’ अशा मजकुराची पत्रे आम्हांस वरचेवर येऊ लागली आहेत, आणि त्यांतील बरीचशी आदिलाबाद व आसपासच्या गावांतून येतात.

याचे आम्हांस नवल वाटत नाही. आदिलाबादचा मराठी संसार हा सीमेवरचा संसार आहे. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले. उरलेली मराठी घरे आंध्र प्रदेशात आणि २०१४ पासून तेलंगणात राहिली. सोयरीक यवतमाळ-चंद्रपूरची, मोठी खरेदी नागपूरची, सरकारदरबार हैदराबादचा, असा तेथला रिवाज आहे. चेहऱ्याच्या उपचारासाठीही पुष्कळ जणी नागपूर किंवा हैदराबाद गाठतात. उपचार तासाभरात आटोपतो. परतताना हाती एक कागद पडतो, तो बहुधा इंग्रजीत, क्वचित तेलुगूत. घरी ज्या आजी वा सासूबाई पुढचे आठ-दहा दिवस त्या चेहऱ्याकडे पाहणार, त्यांस तो वाचता येत नाही. मग ‘साल निघते आहे म्हणजे कोरडे पडले आहे, चोळून तेल लाव’ असा सल्ला मिळतो, तो प्रेमापोटीच दिलेला असतो आणि नेमका तोच घात करतो.

म्हणून त्या कागदातील मजकूर, आणि त्यात बहुधा नसलेला आणखी काही, आम्ही येथे मराठीत मांडीत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे: साल काढणे हे वैद्याचे काम, पण निघणारी साल सांभाळणे हे घराचे काम. आणि या घरच्या कामात करण्यापेक्षा न करण्यालाच अधिक महत्त्व आहे.

साल म्हणजे काय, आणि ती का निघते

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. विटांवर विटा रचाव्या आणि मध्ये चुना भरावा तशी त्याची बांधणी असते. पेशी या विटा आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. ही गळती रोजच चालू असते. पेशी इतक्या सूक्ष्म असतात की आपल्या ध्यानात ती येत नाही.

केमिकल पील म्हणजे ठरावीक तीव्रतेचे आम्ल ठरावीक वेळ चेहऱ्यावर लावून ही गळती एकदम घडवून आणणे. कल्पना नवी नाही. हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, फेनॉल आणि ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्ल यांचे असे उपयोग वर्णिले होते. उसात सापडणारे ग्लायकोलिक आम्ल आणि दह्यातील लॅक्टिक आम्ल यांची बाजू पुढे आली ती १९७४ साली, अमेरिकेतील व्हॅन स्कॉट आणि यू या संशोधकांच्या निबंधामुळे. मौज अशी की, त्यांनी ही आम्ले प्रथम वापरली ती जन्मतः माशाच्या खवल्यांसारखी त्वचा असणाऱ्या रोग्यांची साल कमी करण्यासाठी.

पीलचे तीन प्रकार मानतात. वरवरच्या पीलमध्ये केवळ बाह्य थर सुटतो; आपल्याकडे बहुतेक वेळा हाच करतात. मध्यम पील त्याखालच्या थरापर्यंत पोहोचते. खोल पील फेनॉलचे असते. ते सावळ्या त्वचेस धोक्याचे म्हणून आपल्याकडे सहसा टाळतात. घरी येण्यापूर्वी ‘माझे पील यांपैकी कोणते, आणि कोणते आम्ल किती टक्के वापरले’ हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे. पुढे काही बिघडले तर दुसऱ्या डॉक्टरांस त्या एका ओळीचा मोठा उपयोग होतो.

आता महत्त्वाची गोष्ट. वरची साल सुटू लागते तेव्हा खालची त्वचा तयार होत असते, परंतु ती अजून कच्ची असते. त्या वेळी वरचा पापुद्रा तिचे पांघरूण असतो. तो ओढून काढला तर खालचा ओला, लाल भाग उघडा पडतो. गोऱ्या कातडीच्या माणसाला तेथे काही दिवस लाली राहते आणि जाते. आपल्यासारख्यांच्या कातडीत तेथे काळा डाग उमटतो. अमेरिकेतील डॉ. फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हास मिळणाऱ्या प्रतिसादावरून त्वचेची प्रतवारी सुचविली. पुढे सहा प्रकारांत विस्तारलेल्या त्या प्रतवारीत आपण भारतीय बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. अशा त्वचेस कोठेही दुखापत वा दाह झाला की ती त्या जागी जादा रंगद्रव्य ओतते. म्हणजे डाग घालवण्यास गेलेली स्त्री एका नखाने नवा डाग घेऊन बसते, आणि तो जाण्यास महिने लागतात.

ज्या जिल्ह्यात पौष अमावास्येला केसलापूर येथे नागोबाची जत्रा भरते, तेथील वाचकांस कात म्हणजे काय हे आम्ही सांगावयास नको. सर्प कात टाकण्याच्या सुमारास आडोसा धरतो, हालचाल कमी करतो, आणि कात आपली आपण सुटते. माणसानेही या दिवसांत एवढेच करावयाचे असते.

दिवसांचा हिशेब

वरवरच्या पीलनंतर पहिल्या दिवशी चेहरा उन्हात भाजल्यासारखा लालसर व किंचित चुरचुरणारा असतो. दुसऱ्या दिवशी कातडी ताणल्यासारखी वाटते; हसताना ओठांच्या कडा ओढतात. याच सुमारास जुने डाग अधिक काळपट दिसू लागतात, आणि येथेच अनेक जणी घाबरतात. घाबरण्याचे कारण नाही. सुटत असलेला जुना थर वाळून गडद दिसतो, इतकेच. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी साल निघू लागते. प्रथम तोंडाभोवती, कारण बोलताना व जेवताना तो भाग सतत हलतो. मग गाल आणि शेवटी कपाळ व कानशिले. सातव्या दिवसाच्या आसपास बहुतेकींचा चेहरा स्वच्छ होतो. काहींस आणखी दोन दिवस लागतात. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो. येथे ती हिशेब म्हणून ध्यानात ठेवावी.

मध्यम पीलमध्ये हीच क्रिया अधिक जोराने होते. सूज येते, त्वचा तपकिरी होऊन मोठमोठे पापुद्रे सुटतात, सात ते चौदा दिवस लागतात आणि लाली कित्येक आठवडे टिकते. अशा रोग्याने डॉक्टरांस भेटण्याचा ठरलेला दिवस चुकवू नये.

कित्येक भगिनी याच्या उलट विचारतात, ‘माझी साल निघालीच नाही, पैसे वाया गेले का?’ तसे नाही. सौम्य पीलमध्ये, विशेषतः पहिल्या वेळी, कोंड्यासारखे चार कण पडतात आणि काम झालेले असते. साल अधिक निघाली म्हणजे गुण अधिक आला, असे समीकरण नाही. ती निघावी म्हणून खरबरीत कापडाने घासणे हा तर शुद्ध अविचार होय.

काय करावे

चेहरा दिवसातून दोनदा धुवावा. पाणी गार किंवा जेमतेम कोमट. हिवाळ्यात आदिलाबादकडे बंबाचे कढत पाणी अंगावर घेण्याची सवय असते. ते पाणी या दिवसांत गळ्याखालीच ठेवावे. साधा साबण क्षारयुक्त असल्याने कच्च्या त्वचेस झोंबतो. डॉक्टरांनी सांगितलेले सौम्य, बिनवासाचे धुण्याचे द्रव्य बोटांच्या अग्रांनी हलके फिरवून धुवून टाकावे. ते नसेल तर नुसते पाणी पुरे. मग जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्याने चेहरा टिपावा; पुसू नये. तो तुकडा रोज धुऊन उन्हात वाळवलेला असावा.

चेहरा जरा ओलसर असतानाच मलम लावावे. सर्वांत साधे आणि सर्वांत निर्धोक म्हणजे पांढरी पेट्रोलियम जेली, जिला घरोघर व्हॅसलीनच म्हणतात. तिचा अगदी पातळ थर दिवसातून चार-पाच वेळा द्यावा. ती त्वचेत काही भरत नाही. आतले पाणी उडून जाऊ देत नाही, एवढेच तिचे काम, आणि या दिवसांत तेच काम हवे असते. ज्यांची त्वचा तेलकट व मुरुमांची आहे त्यांनी जेलीऐवजी डॉक्टरांनी दिलेले बिनवासाचे हलके क्रीम वापरावे. मलम लावलेले असले की पापुद्रे मऊ राहतात, खाज कमी होते आणि चेहराही लोकांत जाण्याजोगा दिसतो. खाज असह्य झाली तर गार पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा दहा मिनिटे ठेवावा. नखे पहिल्या दिवशीच कापून टाकावीत. झोपेत हात जातो तो आपल्याला कळत नाही.

एखादा पापुद्रा अर्धा सुटून लोंबू लागला आणि उशीस अडकू लागला, तर स्वच्छ धुतलेल्या लहान कात्रीने सुटलेला भाग कापावा. चिकटलेला भाग त्याच्या वेळेने येईल.

ऊन हा या दिवसांतील मुख्य शत्रू होय. आदिलाबाद साधारण साडेएकोणीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस तेथे मध्यान्हीचा सूर्य ऐन डोक्यावर असतो. वरवरच्या पीलनंतर डॉक्टरांनी सांगितले त्या दिवसापासून, आणि मध्यम पीलनंतर त्वचा भरून आल्यावर, सनस्क्रीन लावावे. ते तीस किंवा अधिक क्रमांकाचे, झिंक ऑक्साइड वा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले असावे. वांग असणाऱ्यांनी लोह ऑक्साइडयुक्त, म्हणजे किंचित मातकट रंगाचे घ्यावे. दिसणाऱ्या प्रकाशानेही वांग वाढते आणि हा रंग तो प्रकाश अडवतो. तर्जनी व मधले बोट यांच्या लांबीइतक्या दोन रेघा, एवढे क्रीम चेहऱ्यास व गळ्यास मिळून लागते. बाहेर असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. छत्री आणि सुती ओढणी मात्र पहिल्या दिवसापासूनच हवी.

येथे प्रवासाची गोष्ट सांगितली पाहिजे. नागपूर किंवा हैदराबाद येथे पील करून त्याच दिवशी मोटारीने वा आगगाडीने परतणाऱ्या भगिनी खिडकीशी बसतात. काचेतून जळजळ करणारे किरण अडतात, परंतु डाग पाडणारे पुष्कळसे किरण आत येतात. आणि काच उघडी असली तर वारा व धूळ यांचा मारा निराळाच. म्हणून उन्हाच्या विरुद्ध बाजूची जागा घ्यावी, ओढणी सैल गुंडाळावी, आणि शक्य असल्यास संध्याकाळी निघावे.

काय करू नये

आमच्याकडे आलेल्या पत्रांतील घरगुती उपायांची यादी मोठी आहे, आणि त्यांतील बहुतेक उपाय निरोगी त्वचेवर चांगलेच आहेत. प्रश्न वेळेचा आहे.

बेसन, मसुरीचे पीठ, उटणे यांत रवाळपणा असतो. चोळल्यावाचून त्यांचा उपयोग नाही, आणि चोळणे हेच वर्ज्य. लिंबाचा रस स्वतः तीव्र आम्ल आहे, शिवाय त्यात उन्हाशी संयोग होताच कातडी भाजणारी द्रव्ये असतात. खाण्याचा सोडा क्षार आहे. कोरफडीचा घरी काढलेला गर शुद्ध असेलच असे नाही, आणि पानाच्या सालीलगतचा पिवळा चीक खाज आणतो. दुधाची साय, दही, मध हे स्वयंपाकघरातच राहू द्यावेत. उघड्या पडलेल्या त्वचेस जंतू नकोत. वाफ घेणे पूर्ण बंद.

हळदीविषयी थोडे अधिक लिहितो. शेजारच्या तेलुगू घरांत स्नानापूर्वी चेहऱ्यास पसुपु लावण्याची जुनी रीत आहे, आणि पिढ्यानपिढ्यांच्या शेजाराने ती पुष्कळ मराठी घरांतही आली आहे. हळदीचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु सोललेल्या त्वचेवर ती झोंबते, काहींस तिची अॅलर्जीही होते, आणि बाजारच्या पुडीत हळदीशिवाय काय आहे हे कोणी सांगावे! पंधरा दिवस तिला विश्रांती द्यावी.

मोहाच्या बियांचे तेल त्या मुलखात थंडीत अंगास लावतात. टाचांच्या भेगांस ते उत्तम. चेहऱ्यावरून साल निघत असताना नव्हे. डोक्याचे तेलही कपाळावर ओघळू देऊ नये.

कुंकू आणि टिकली यांचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळता येत नाही. टिकलीच्या गोंदात असणाऱ्या एका रसायनाने काहींच्या कपाळावर पांढरा डाग पडतो, हे त्वचारोगतज्ज्ञांनी पूर्वीच नोंदविले आहे. सोललेल्या कपाळात ते रसायन अधिक सहज शिरेल. शिवाय टिकली काढताना ती पापुद्रा घेऊनच येते. साल निघून जाईपर्यंत कपाळ मोकळे राहिले तर त्यात अशुभ काही नाही, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रीनेच आपल्या तोंडाने सांगितले तर सुनेचा जीव हलका होईल.

भुवया कोरणे, मेण लावून केस काढणे, चेहऱ्यास मालीश, हे सर्व निदान दोन आठवडे बंद. मुरुमांच्या खड्ड्यांसाठी पील करणारे तरुणही आता पुष्कळ आहेत. त्यांनी साल निघत असेतो दाढी करू नये. रात्री लावण्याची रेटिनॉइडयुक्त क्रीम व आम्लयुक्त द्रव्ये डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुन्हा सुरू करावीत.

आता स्वयंपाकघर. भाकरी भाजताना, फोडणी देताना, भात वेळताना तोंडावर जी धग आणि वाफ येते, तिने कच्ची त्वचा पुन्हा लाल होते, आणि वांग तर उष्णतेनेही बळावते. उन्हाळ्यातील गच्चीवरचे पापड-कुरडयांचे वाळवणही याच वर्गातले. म्हणून पीलचा खर्च मंजूर करणाऱ्या घराने त्याबरोबर चुलीपासून आठवड्याची सुटीही मंजूर केली पाहिजे. पैसे दिले आणि सुटी दिली नाही, तर पैसे पाण्यात गेले असे समजावे.

ऋतू कोणता निवडावा

ऊन सौम्य म्हणून डॉक्टर बहुधा हिवाळा सुचवितात, आणि ते योग्यच आहे. एप्रिल-मे महिन्यांत आदिलाबादेत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. घामाने आणि उन्हाने पीलचे मातेरे होते. परंतु तेथील हिवाळाही साधा नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरते आणि हवा कोरडी होते. अशा हवेत मलमाचा थर दाट हवा आणि शेकोटीपासून दूर बसणे हवे. शिवाय हाच कापूस वेचणीचा हंगाम. ज्या भगिनी दिवसभर रानात असतात, त्यांनी वेचणी संपेपर्यंत थांबावे हे बरे. ऊन, धूळ आणि घाम यांत नवी त्वचा टिकत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा धावावे

चुरचुर कमी होण्याऐवजी दोन दिवसांनंतर वाढत गेली, पिवळी खपली धरली वा पू दिसला, बारीक पाणीदार फोडांचा घोस उठला, ताप आला, पापण्या सुजून डोळा उघडेना, किंवा एखाद्या जागची लाली दोन-तीन आठवडे न हटता तेथे कातडी जाड होऊ लागली, तर घरगुती विचार सोडून द्यावा. ज्यांच्या ओठांवर पूर्वी वारंवार असे पाणीदार फोड येत, त्यांनी हे पील करण्याआधीच सांगावे. त्यासाठी आधीपासून गोळ्या देतात. व्रण जाड होऊन वाढण्याची खोड, मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, गर्भारपण वा अंगावर पाजणे, याही गोष्टी लपवू नयेत.

अशा वेळी नागपूरची गाडी पकडण्याची वाट पाहू नये. आदिलाबादेतच २००८ साली राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू झाली आहे. गावात तिला रिम्स म्हणतात. बिघडलेला चेहरा त्याच दिवशी दाखवणे महत्त्वाचे, कोणत्या गावी दाखवला हे गौण.

लग्नघराशी दोन शब्द

आलेल्या पत्रांत सर्वाधिक पत्रे लग्न ठरलेल्या मुलींची, किंवा त्यांच्या मातांची आहेत. हिशेब सरळ आहे. लग्नापूर्वी आठवडाभर पील करावयाचे, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी, साल निघत असतानाच, पाच सवाष्णींनी हळद चोळावयाची, याहून वाईट योग नाही. त्यावर पुन्हा नवरीचे रंगकाम चढते. वरवरचे शेवटचे पील हळदीच्या निदान चार आठवडे आधी आणि मध्यम पील तीन महिने आधी झालेले असावे. ते जमत नसेल तर लग्नानंतरच विचार करावा.

परंतु याहून मोठी गोष्ट आम्हांस सांगावयाची आहे. पील डाग फिके करते, मुरुमांच्या खुणा कमी करते, त्वचेचा पोत सुधारते. जन्माचा वर्ण ते बदलीत नाही. साल गेल्यावर जी त्वचा वर येते तीही त्याच मुलीची, त्याच वर्णाची असते. काही दिवस ती जरा उजळ भासते आणि मग आपल्या रंगावर येते. हे ज्यांस आधी सांगितले जात नाही, त्या दुसरे, तिसरे, चौथे पील करीत सुटतात, आणि शेवटी गल्लीतल्या डबीकडे वळतात. ही डबी बहुधा पील झालेल्या चेहऱ्यावरच येऊन पडते, म्हणून तिच्याविषयी येथे लिहिणे भाग आहे.

अशा डब्यांत बहुधा दोहोंपैकी एक असते. पहिले, तीव्र स्टेरॉइड. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही नावे वेष्टनावर दिसली की सावध व्हावे. पहिल्या महिन्यात चेहरा लखलखतो. पुढे कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, केस उगवतात, आणि मलम सोडताच आग होते. देशात हा दुरुपयोग इतका माजला की २०१८ साली केंद्र सरकारने अशा १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीवाचून विक्री रोखणारा आदेश काढला. डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी दिलेले सौम्य स्टेरॉइड वेगळे; ते तितकेच दिवस वापरून थांबवावे.

दुसरा पारा. आपल्या देशाच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे चेहऱ्याच्या क्रीममध्ये दहा लाख भागांत एका भागाहून अधिक पारा नसावा. तरीही केरळातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतील एका विशिष्ट प्रकारच्या १५ जणांपैकी १३ जण त्वचा उजळविणारी क्रीम वापरीत असल्याचे आढळले. गोरेपणाचा हव्यास चेहऱ्यावर न थांबता मूत्रपिंडापर्यंत कसा पोहोचतो, हे यावरून दिसते.

घरपोच येणाऱ्या आम्लाच्या बाटल्यांविषयीही हेच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये तीव्र पीलद्रव्ये वैद्यकीय देखरेखीवाचून विकत घेऊ वा वापरू नयेत, असा जाहीर इशारा दिला. तेथे जे धोक्याचे, ते आपल्या सावळ्या त्वचेस अधिकच धोक्याचे.

सावळ्या मुलीच्या घरात स्थळ पाहण्याच्या काळात काय बोलले जाते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. ते बोलणे थांबवणे कोणत्याही आम्लाच्या हातात नाही. ते घरातील मोठ्यांच्या हातात आहे. मुलगी डाग जावेत म्हणून पील करीत असेल तर तिला जरूर साथ द्यावी. वर्ण बदलावा म्हणून तिला कोणी पाठवीत असेल, तर तो खर्च वाचवावा, आणि तिला वाईटही वाटू देऊ नये.

कापून आरशाजवळ लावण्यासाठी

१. ओढू नये, सोलू नये, खाजवू नये.
२. दोन वेळा गार पाण्याने धुवावे. टिपावे, पुसू नये.
३. ओलसर चेहऱ्यावर साध्या मलमाचा पातळ थर, दिवसातून चार-पाच वेळा.
४. उन्हात छत्री व ओढणी. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून सनस्क्रीन.
५. चूल, वाफ, शेकोटी यांपासून दूर.
६. हळद, लिंबू, उटणे, टिकली, गावठी क्रीम बंद.
७. वाढते दुखणे, पू, फोड, ताप: त्याच दिवशी डॉक्टर.
८. नऊ दिवस धीर.

ज्या घरांत मराठी वाचणाऱ्या आजी आहेत, त्यांच्या हाती हा अंक प्रथम द्यावा, अशी आमची विनंती आहे. नातीचा हात चेहऱ्याकडे जाताना तो अलगद बाजूला करणारे माणूस घरात हवे, आणि या कामी आजीइतके जागरूक दुसरे कोणी नसते. टाचांच्या भेगांविषयी आलेल्या पत्रांस उत्तरे पुढील अंकी.